हर्रास बोलणाऱ्याचा जबडा

जाधववाडीच्या भाजी मोंढ्यात तात्यासाहेबांची आडत होती आणि त्या आडतीवर हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, बोलायला नानासाहेब दारुंटे होता. नानासाहेब हे त्याचं पाळण्यातलंच नाव. सगळे नाना म्हणत. शेतकऱ्याचा माल गाडीतून उतरला, ढीग लागला, की नाना उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅरेटवर चढायचा. भोवतीनं खरेदीदार गोळा व्हायचे. मग नाना पहिला भाव पुकारायचा आणि कुणाची भुवई, कुणाचं बोट, कुणाची नुसती हललेली मान टिपत टिपत तो भाव वर चढवत न्यायचा. पहाटे सुरू झालेलं हे काम ऊन वर येईस्तोवर चालायचं. मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार, टमाटे, ढिगामागून ढीग.

नाना मूळचा गंगापूर तालुक्यातला. दोन भावांत मिळून जमीन थोडी होती, म्हणून बारावीनंतर तो शहरात आला आणि तात्यासाहेबांच्या काट्यावर माल मोजायला लागला. तेव्हा हर्रास बोलणारा म्हातारा एका पहाटे आलाच नाही. तात्या इकडंतिकडं बघत म्हणाले, "आरं नाना, तू चढ की. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलली असशील ना? तसंच वरडायचं." नाना चढला तो उतरलाच नाही. लग्न झालं, पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर झालं, मुलगी अपेक्षा फार्मसीच्या कॉलेजात गेली, हे सगळं त्या कॅरेटवर उभं राहूनच झालं.

त्याला आवाजाचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. शेजारच्या शेडमधल्या आडतीवर खालेद बागवान हर्रास बोलायचा. खालेद गळ्यात छोटा माइक अडकवायचा आणि खांद्याला डब्यासारखा स्पीकर लटकवायचा. नाना त्याला 'बॅटरीवाला' म्हणायचा. "बॅटरी उतरली की ह्याचा हर्रास बंद," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मग मुद्दाम एक आरोळी अशी ठोकायचा की खालेदच्या शेडमधली माणसं वळून बघत. खालेद हसायचा. उलट बोलायचा नाही.

या आवाजाच्या माणसाला डोकेदुखी होती. कधी लागली ते त्यालाही नीट सांगता येत नसे. अपेक्षा शाळेत होती तेव्हापासून, एवढं रूपाला, त्याच्या बायकोला आठवत होतं. मोंढा आटोपून तो घरी आला की उजव्या कानशिलात ठणका सुरू व्हायचा, तो कानामागून मानेत उतरायचा. कधी सकाळी उठतानाच डोकं जड असायचं, जसं काही रात्रभर कुणी दाबून धरलंय. मग डोक्याला उपरणं घट्ट आवळून तो पंख्याखाली भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. घरात टीव्हीचा आवाज बंद व्हायचा.

उपाय झाले नाहीत असं नाही. चष्मा झाला. त्यानं वाचता बरं यायला लागलं, डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं. सायनस असेल म्हणून वाफारे झाले. पित्त असेल म्हणून चहा सोडून पाहिला, तो दुसऱ्या आठवड्यात परत सुरू झाला. मेडिकलवाल्याकडून आणलेली गोळी खाल्ली की तात्पुरतं थांबायचं आणि नंतर नंतर ते थांबणंही कमी झालं. एकदा उजव्या वरच्या दाढेत कळ येते असं त्याला वाटलं. एका दवाखान्यात त्यानं ती दाढ काढूनच घ्या म्हणून हट्ट धरला आणि ती निघाली. दाढेत मोठं किडलेलं काही नव्हतं म्हणे. डोकं आहे तसंच राहिलं, वर उजवीकडं चावायला दाढ नाही म्हणून सगळा घास डावीकडं जायला लागला. शेवटी तात्यांच्या ओळखीनं मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्ट साफ आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत काही नाही. रूपानं देवापुढं साखर ठेवली. नानाला आनंद झाला, पण मग दुखतंय काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आणखी दोन गोष्टी होत्या, पण त्यांचा डोक्याशी काही संबंध असेल असं घरात कुणाच्या मनात आलं नाही. एक म्हणजे, भाकरी चावताना नानाच्या उजव्या कानापाशी 'कट्' असा आवाज यायचा. लहान असताना अपेक्षा त्याच्या गालाला कान लावून तो आवाज ऐकायची आणि हसायची. दुसरी म्हणजे, तो झोपेत दात खायचा. रूपाला त्या करकर आवाजानं जाग यायची. दात खाणं म्हणजे पोटात जंत, हे तिनं माहेरी ऐकलेलं, म्हणून तिनं त्याला जंताचं औषधही देऊन पाहिलं होतं. शिवाय दिवसभर त्याच्या गालात सुपारीचं खांड असायचंच. गुटखा त्यानं कधी खाल्ला नाही, पण सुपारीशिवाय त्याचं तोंड रिकामं दिसलं नाही.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि मेथीची आवक वाढली. करमाडकडून एक टेम्पो भरून जुड्या आल्या होत्या. नानानं चहा घेतला, जांभई दिली, सुपारीचं खांड बाजूला सारलं आणि कॅरेटवर चढला. पहिला भाव पुकारायला त्यानं तोंड उघडलं. तोंड बोटभर उघडलं आणि तिथंच थांबलं.

त्याला वाटलं थंडीनं असेल. त्यानं जोर लावला. उजव्या कानापुढं अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. तरी समोर माणसं उभी होती, म्हणून तो दातांच्या फटीतून भाव बोलायला लागला. आवाज बंद दाराआडून आल्यासारखा निघाला.

"नाना, जरा मोठ्यानं," मागून एक खरेदीदार ओरडला.

"आज काय दात धरून बोलायलाय का?" दुसरा म्हणाला. माणसं हसली.

तात्यासाहेब गादीवरून उठून आले. "काय रे, काय झालं?"

नानानं गालाकडं बोट केलं. "उघडंना," तो कसाबसा म्हणाला.

मग हसणं थांबलं. एक हमाल म्हणाला, "खिळा बिळा लागला व्हता का पायाला? धनुर्वातात दातखीळ बसती." दुसऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं, "पुडी खात व्हता का?" ते नानाच्या कानावर गेलं. तात्यांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं, बाकड्यावर बसवलं, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतः कॅरेटवर चढून मेथी विकली. म्हाताऱ्याचा आवाज दोन ढिगांतच बसला.

पायाला काही लागलेलं नव्हतं. राहिली दुसरी शंका. रूपाच्या चुलतभावाचं तोंड असंच हळूहळू बंद होत गेलं होतं, गुटख्यानं, आणि पुढं गालात गाठ निघाली होती. नाना घरी येऊन खुणेनं सांगायला लागला तेव्हा दोघांच्याही डोक्यात तोच भाऊ आला. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. रूपानं गॅस बंद केला, साडी बदलली आणि म्हणाली, "चला, दातांच्या सरकारी दवाखान्यात जाऊ. आत्ताच."

तिथं रांग होती. नंबर आला तेव्हा समोर डॉक्टर सुलेखा वाहुळ बसल्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं शांत आणि हात लहान. त्यांचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते आणि त्या याच शहरात शिकल्या. हे रूपाला बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या एका बाईनं सांगितलं होतं.

"तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि तोंडात घालून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

नानाचं एक बोट गेलं. दुसरं दातांना अडलं.

त्यांनी टॉर्च लावून गालाची आतली बाजू पाहिली, बोटानं चाचपली. "गाल मऊ आहे. पांढरा पडलेला नाही, पट्टे नाहीत. तुम्हाला जी भीती वाटते ते मला इथं दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुपारी मात्र भरपूर खाता."

नानानं मान हलवली.

"आधी तोंड उघडताना आवाज यायचा का? कट् असा?"

नाना आणि रूपानं एकमेकांकडं पाहिलं. "व्हय, लई वर्षांपासून," रूपा म्हणाली. "भाकर खाताना."

"आणि आज आला नाही."

नाना विचारात पडला. खरंच, आज तो आवाज नव्हता.

मग डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानशिलांवर ठेवली आणि हळूहळू दाबत नेली. गालाच्या जाड भागावर दाबलं, कानापुढं दाबलं, परत कानशिलावर आल्या. उजवीकडं एका जागी दाबल्यावर नाना खुर्चीतून उठायलाच लागला.

"दुखलं?"

"हेच," नाना दातांतून म्हणाला. "हेच ते."

"हेच म्हणजे?"

"डोकं. रोज दुखतं ते. असंच. हितूनच."

डॉक्टरांनी हात काढला नाही. "नीट सांगा. नवीन दुखणं आहे, की तुमचं नेहमीचंच?"

"माझंच हाय," नाना म्हणाला.

इतक्या वर्षांत कुणी बोट ठेवून त्याचं दुखणं त्याला दाखवलं नव्हतं. बोट ठेवलं की यायचं, काढलं की ओसरायचं. त्याला राग आल्यासारखं झालं, कुणाचा ते कळलं नाही.

डॉक्टरांनी जबड्याचा मोठा एक्स-रे काढायला लावला. तो आल्यावर टेबलावर ठेवलेला प्लॅस्टिकचा जबडा हातात घेऊन त्यांनी समजावलं. कानाच्या पुढं जबड्याचा सांधा असतो, दोन बाजूंना दोन. गोल टोक आणि वरची खोबण, मध्ये एक छोटी गादी. ती गादी जागेवरून पुढं सरकली की तोंड उघडताना 'कट्' करून परत जागेवर येते. तेच अपेक्षा कान लावून ऐकत होती. आज गादी पुढं सरकली ती परत आलीच नाही, म्हणून टोक अडलं आणि तोंड उघडेना.

"आणि डोकं?" रूपानं विचारलं.

"जबडा चालवणारा एक स्नायू इथं असतो," डॉक्टरांनी आपल्याच कानशिलावर पंजा पसरला. "सगळं कानशील व्यापतो. हे झोपेत दात खातात, दिवसभर सुपारी चावतात, एका बाजूनंच जेवतात आणि सकाळभर मोठ्यानं ओरडतात. या स्नायूला आराम कधी? तो थकतो, आवळतो, दुखतो. दुखणं स्नायूचं आणि सांध्याचं असतं, माणूस म्हणतो डोकं दुखतंय. कधी दाढ दुखल्यासारखं वाटतं, कधी कान."

"म्हणजे दाढ उगीच गेली," नाना म्हणाला.

"गेली ती गेली," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. सगळीच डोकेदुखी जबड्याची नसते. तुमची सगळीसुद्धा असेलच असं मी आज म्हणणार नाही. जबडा सुधारल्यावर किती कमी होते ते बघू."

त्यांनी हातमोजे घालून दोन्ही अंगठे नानाच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि जबडा खाली दाबून हलकेच पुढं ओढला. दुखलं. एका झटक्यात सुटण्यासारखं ते नव्हतं, थोडंसं सैल झालं एवढंच. मग सूचना. सुपारी बंद. भाकरी दुधात कुस्करून, खिचडी, वरणभात, शिरा. गरम पाण्यात बुडवून पिळलेला फडका गालाला. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ. तोंड उघडायचे व्यायाम, दुखेल तिथं थांबायचं. दातांचं माप घेऊन वरच्या दातांवर बसणारी पारदर्शक पट्टी करून देणार, ती झोपताना लावायची. आणि एरवी दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.

"कवळी लावायची का मला?" नानानं विचारलं.

"कवळी नाही. दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून पट्टी."

"आन् हर्रास?"

"काही महिने नाही."

नाना खुर्चीवरून उठला. दारापाशी थांबून त्यानं परत विचारलं, "हळू बोललं तर?"

"आधी तोंड उघडू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी त्याला काढलं नाही. काट्यावर बसवलं, जिथून तो आला होता तिथं. हर्रास बोलायला त्यांनी बाहेरून विश्वजीत नावाचा माणूस आणला. विश्वजीत वाईट नव्हता. पण ढीग संपायच्या आधीच त्याला पुढचा ढीग दिसायचा, घाई करायचा. नाना काट्यामागं बसून वजनं टाकायचा आणि ऐकायचा. रोज हात वर करून 'नाना, राम राम' म्हणणारे खरेदीदार आता काट्यापाशी येऊन नुसतं वजन बघायचे. त्यांचा दोष नव्हता. हर्रासात माणसाची नजर कॅरेटवर उभ्या असलेल्याकडंच असते. नानाला हे कळत होतं आणि तरी दुपारपर्यंत त्याच्या मनात घर करून राहायचं.

घरातही फरक पडला. नाना घरातही मोठ्यानंच बोलायचा हे तो बोलायचा थांबल्यावर सगळ्यांना कळलं. शेजारची मोनिका रूपाला विचारून गेली, "भाऊजी गावाकडं गेलेत का?" अपेक्षा त्याच्याशेजारी आरशासमोर उभी राहून व्यायाम करून घ्यायची. "पप्पा, जीभ टाळूला. आता हळूहळू उघडा. बास. बास म्हटलं ना." सुरुवातीला दीड बोट, मग दोन. हळूहळू तीन बोटं जायला लागली, पण ओढूनताणून. रात्री पट्टी लावून झोपायचा. करकर थांबली. रूपाला पहिले काही दिवस त्या शांततेनंच जाग यायची.

सुपारी सुटायला सगळ्यात जड गेली. पण सकाळी उठताना डोकं हलकं असायला लागलं. एका दुपारी तो जेवून उठला, भांडी आत ठेवली, गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की उपरणं खुंटीलाच आहे. तो कुणाला काही बोलला नाही. नजर लागेल असं त्याला वाटलं.

मग भोगी आली. भोगीच्या आदल्या दिवशी मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. गाजरं, पावटा, हरभऱ्याचे ढाळे, बोरं, वांगी, सगळ्या घरांना एकाच दिवशी तीच भाजी लागते. विश्वजीतला ताप होता. तो आला पण दोनच ढीग बोलून बसला. तात्यांनी नानाकडं पाहिलंही नाही, नानाच उठला. तोंड उघडत होतं. दुखत नव्हतं. त्याला वाटलं, दोन महिने सांभाळलं, एका सकाळीनं काय होतंय.

तो चढला. पहिल्या आरोळीला माणसं वळली. कुणीतरी शिट्टी मारली. बागवान खरेदीदारांनी हात वर केले, "आ गए नाना!" असं कुणी ओरडलं. गाजराचे ढीग पाठोपाठ गेले. नानाच्या अंगात असं काही संचारलं की तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तोही त्यानं घेतला नाही. बोरांपर्यंत आला तेव्हा कानापुढं चमक निघाली. त्यानं दुर्लक्ष केलं. ऊन वर आलं, मोंढा रिकामा झाला, आणि घरी पोचेस्तोवर कानशील पूर्वीसारखंच ठणकायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, सगळं पानात तसंच राहिलं. तोंड परत दीड बोटावर आलं होतं. संक्रांतीला शेजारच्यांनी दिलेली तिळाची वडी त्यानं खिशात ठेवली.

डॉक्टर वाहुळांनी पाहिलं. रागावल्या नाहीत. व्यायाम परत पहिल्यापासून लिहून दिले. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मला एक सांगा. एवढ्या मोठ्यानं बोलल्याशिवाय तुमचं काम होत नाही, की तुम्हाला मोठ्यानं बोलायला आवडतं?"

नानानं भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं पाहिलं.

"आवडतं," तो म्हणाला.

"मग अवघड आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मोंढ्यातून निघताना एके दिवशी नाना शेजारच्या शेडमध्ये गेला. खालेद बागवान बाकड्यावर बसून स्पीकर पुसत होता. नानाला बघून त्यानं बाजूला सरकून जागा केली.

"क्या नाना, सुना जबड़ा बैठ गया?"

"बसला होता. उठला. परत बसला," नाना म्हणाला. तो बाकड्यावर टेकला. मग नाना म्हणाला, "ही तुझी बॅटरी. कुठं मिळती?"

खालेद हसला नाही. हसायचा हक्क होता, पण हसला नाही. "मेरेकू भी शौक से नईं लगी," तो म्हणाला. "गले में गठान आई थी, ऑपरेशन हुआ. डाक्टर बोले, या तो माइक, या घर बैठो." त्यानं कॉलरचं बटण काढून गळ्यावरचा पांढरा वण दाखवला. इतकी वर्षं शेजारी उभं राहून नानाला हे माहीत नव्हतं. खालेद कायम बटण लावायचा आणि नाना कायम चिडवायचा.

"बोलला नाहीस कधी," नाना म्हणाला.

"तू पूछा कब?" खालेद म्हणाला आणि माइक त्याच्या हातात दिला. "होंठ के पास रखने का. मुंह कम खोलने का. भाव तो मेथी का बढ़ता नाना, गले का नईं बढ़ता."

संध्याकाळी दोघं जाऊन तसाच स्पीकर घेऊन आले.

माइकवरचा पहिला हर्रास वाईट झाला. स्पीकर किंचाळला. नाना सवयीनं ओरडला आणि आजूबाजूच्यांनी कान झाकले. गंगापूरकडच्या एका शेतकऱ्यानं तर तोंडावरच सांगितलं, "माझ्या वांग्याला जोरच लावला नाय तू. असं कुजबुजून कुठं भाव येतो व्हय?" नानानं ऐकून घेतलं. सवय व्हायला उन्हाळा उजाडला. त्याच्या आवाजातली ती फेक गेली ती गेलीच. पण हळू बोलायला लागल्यावर खरेदीदार ढिगाच्या जवळ येऊन उभे राहायला लागले, माल हातात घेऊन बघायला लागले, आणि वादावादी कमी झाली. भाव पूर्वीसारखेच येत राहिले. तात्यासाहेबांनी विश्वजीतला दुसऱ्या आडतीवर लावून दिलं.

नानाची डोकेदुखी सगळी गेली असं नाही. उन्हात फिरला, जागरण झालं, तर कधीतरी डोकं धरतं. त्याचं जबड्याशी काही नसावं, असं डॉक्टर म्हणाल्या. पण डोक्याला उपरणं आवळून भिंतीकडं तोंड करून पडणं थांबलं. आणि इथंच नाना वाहवत गेला. त्याला सगळ्यांचे जबडे दिसायला लागले. हमालानं डोकं दुखतंय म्हटलं की नाना त्याचं कानशील दाबून बघायचा. "हितं दुखतं का? कट् वाजतं का? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. सुपारी सोड." लोक हसायचे, काहीजण खरंच सुपारी सोडायचे, आणि दोघातिघांना तर बरंही वाटलं म्हणे.

केसरबाई मोंढ्यातून रोज थोडा माल घेऊन मुकुंदवाडीत हातगाडीवर विकायची. साठीची बाई, धिप्पाड, बोलायला खमकी. एका सकाळी ती ढिगाच्या कडेला डोकं धरून बसली.

"मागून दुखतं, नाना. मानंपासून वर. सकाळी उठलं की."

नानानं तिचं कानशील दाबलं. "दुखतं?"

"नाय."

"नीट सांग, मावशे. हितं?"

"आरं नाय म्हणते ना. तू दाबतोस म्हणून दुखंल."

"आतून असतंय ते. तू चल माझ्याबरोबर." केसरबाई नको नको म्हणत असताना नानानं तिला रिक्षात घातलं आणि थेट दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वाहुळांना त्यानं दारातूनच सांगितलं, "मॅडम, जबडा हाय."

डॉक्टरांनी केसरबाईचं कानशील, गाल, कानापुढचा सांधा, सगळं दाबून पाहिलं. तोंड उघडायला लावलं. तीन बोटं सहज गेली. केसरबाईनं मोठ्यानं जांभई दिली, तरी काही वाजलं नाही. डॉक्टरांनी तिला विचारलं, "मावशी, बीपी कधी मोजलंय?"

"मला कशाला बीपी? मी गाडी वढते."

नर्सनं पट्टा बांधून मोजलं. एकदा मोजलं, परत मोजलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर वाहुळांनी लगेच फोन केला, चाकाची खुर्ची आणायला सांगितली आणि केसरबाईला शेजारच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ती दोन दिवस तिथं राहिली. बीपी इतकं होतं की आणखी काही दिवस तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं.

त्या दिवशी केसरबाईला तिकडं नेल्यावर नाना दातांच्या दवाखान्यातच बाकड्यावर बसून राहिला होता. डॉक्टर वाहुळ बाहेर आल्या.

"आणलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण जबडा म्हणून गरम फडका लावून घरी बसवलं असतं तर?"

नाना बाकड्यावरून उठला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"पुढच्या महिन्यात या. पट्टी झिजली असेल, बघावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

केसरबाई आता रोज गोळी खाते. मोंढ्यात आली की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "ह्या बाबानं माझा जबडा दाखवायला नेलं आन् माझा जीव वाचला." माणसं हसतात, खालेद त्याच्या स्पीकरवरून काहीतरी टोमणा मारतो, नाना माइक बंद करून वाट बघतो. कुणी डोकं धरून बसलेलं दिसलं तर तो आता दाबून बघत नाही. "दवाखान्यात जाऊन ये," एवढंच म्हणतो. कशाच्या दवाखान्यात, असं कुणी विचारलंच, तर म्हणतो, "ते तिथंच इचार," आणि पुढच्या ढिगाकडं वळतो.